बेडस्पेस : विग्रह

शारजात, रोल्याच्या मागल्या गल्लीत,
टायपिंग सेंटरच्या तीन नंबरच्या खुर्चीवर
मी हा शब्द दिवसातून दहा-वीस वेळा टाइप करतो.
बेडस्पेस उपलब्ध. खालचा बंक. एसी, वायफाय.
फक्त एक्झिक्युटिव्ह बॅचलर.
एक्झिक्युटिव्ह म्हणजे ज्याच्या शर्टाला इस्त्री आहे तो.
बॅचलर म्हणजे ज्याची बायको इथं नाही तो.
मला दोन मुलं आहेत
आणि मी बारा वर्षांचा बॅचलर आहे.

कागदाच्या तळाला फोन नंबर आठ वेळा, उभा.
मग कात्रीनं झालर करायची,
आणि पालिकेचा माणूस फिरायच्या आत
विजेच्या खांबाला डकवायची.
संध्याकाळी बघावं तर दोन-तीन पट्ट्या गेलेल्या,
दात पडलेलं पोर हसावं तसा कागद.

परवा शलाका फोनवर म्हणाली,
बाबा, लाड बाईंनी इंग्रजी जोडशब्द आणायला सांगितलेत,
वर्गात कुणाकडेच नसेल असा एक द्या ना.
तिच्याकडे रेनकोट होता, टूथब्रश होता, फुटबॉल होता.
मी हा दिला.
म्हणजे काय, बाबा?

म्हणजे बेडची स्पेस. षष्ठी तत्पुरुष, सोपा आहे.
बेड आणि स्पेस असा द्वंद्व मात्र होत नाही,
ह्या भाड्यात दोन्ही मिळत नाहीत.

म्हणजे सहा फूट बाय अडीच.
उशाशी खिळा, खिळ्याला पिशवी,
पिशवीत घरच्या चाव्या, ज्या इथल्या कुठल्याच कुलपाला लागत नाहीत.
पायथ्याशी प्लायवूड,
प्लायवूडपलीकडे कुणाचा तरी खोकला, बहुतेक पेशावरचा.
आणि पडदा.
पडदा ओढलेला असला की माणूस घरी नाही असं समजायचं,
खाली चपला दिसत असल्या तरी.

यातलं काही तिला सांगितलं नाही.
म्हटलं, लिही : झोपायची जागा.
ती मोठ्यानं उच्चारत लिहू लागली, आणि मध्येच हसली,
जागा असेल तर झोपेल कसा, बाबा?

शरफुद्दीन परकार. हर्णैचा.
रात्रभर एका मॉलच्या तळघरातल्या गाड्या राखतो.
माझाच बेड दिवसा त्याचा,
भाडं निम्मं-निम्मं.
चार वर्षांत आमचं बोलणं झालं ते बहुतेक जिन्यात,
तो चढताना, मी उतरताना.
पण गादीत त्याच्या खांद्याचा खड्डा आहे,
मी त्याच्या जरा डावीकडे झोपतो.
उशीखाली कधी त्याची तसबी सापडते,
त्याला कधी माझी बामची डबी.
तो जागा, म्हणून मला जागा.
मी जागा, तेव्हा त्याला.
लाड बाईंना हे इंग्रजीत करून दाखवता येईल का, विचारायला हवं.

आज तो दुकानात आला.
भर दुपारी, त्याच्या झोपेच्या वेळेला,
डोळे चोळत समोरच्या स्टुलावर बसला.
कंपनीनं कमी केलंय. गुरुवारचं विमान.
माझी बाजू द्यायचीय, म्हणाला, जाहिरात टाइप कर.
आणि दहा दिरहम काउंटरवर ठेवले, गिऱ्हाइकानं ठेवावेत तसे.

मी टाइप केलं : बेडस्पेस. सकाळी सात ते संध्याकाळी सात.
त्यानं वाकून स्क्रीन वाचला.
आणखी एक ओळ घाल,
माणूस चांगला आहे.
कोण माणूस?
तू रे, रात्रीचा.

मध्यमपदलोपी, शाळेत शिकलो होतो.
मधलं पद गळतं आणि अर्थ तेवढा उरतो.
बेड आणि स्पेस यांच्यामध्ये
कुणीतरी आडवा झालेला असतो,
शब्दात तो दिसत नाही.

ओळ घातली. दहा दिरहम परत केले, त्यानं घेतले नाहीत,
मग दोघांचा चहा मागवला त्यातून.
झालर त्यानंच कापली, सावकाश,
जशी काही घाई नव्हती,
आणि खांबापर्यंत जायच्या आधीच
पहिली पट्टी फाडून पाकिटात ठेवली.
नंबर माझा होता.