नव्वद रुपयांची पट्टी

करूळ घाटाच्या मधल्या वळणावर गाडी थांबली.
आवाज नाही, धूर नाही.
चालत्या बोलण्यातून कुणी उठून जावं, तशी.

आता ती उद्यमनगरात, बाबालाल मुजावरच्या शेडमध्ये.
इंजिन खाली लाकडी ठोकळ्यांवर,
आणि साखळीची पट्टी त्याच्या तळहातावर:
प्लास्टिक. कधीकाळी पांढरं,
तेलात उकळून उकळून काकवीच्या रंगाचं.
तीन तुकडे.

"नव्वद रुपयांचा माल," बाबालाल म्हणतो,
"आन् बसवलाय कुठं? फ्लायव्हीलच्या अंगाला.
हात घालायचा तर आख्खं इंजिन उतराय लागतंय.
कुठल्या शाण्यानं काढलं असंल हे ड्रॉइंग?"

मी चहाच्या कपात बघतो.

चाकण, तिसरा मजला, जेवणानंतरची मीटिंग.
बॉनेट चार बोटं आखूड हवं होतं,
रस्त्यावरच्या माणसाचं डोकं आपटलंच
तर पत्र्याखाली रिकामी जागा हवी होती.
(हे खोटं नव्हतं.)
म्हणून साखळी मागे गेली.
लोखंडी पट्टी खडखडते,
शोरूममध्ये खडखड चालत नाही,
म्हणून प्लास्टिक.
आयुर्मानाच्या रकान्यात
मीच लिहिलं होतं: पुरेसं.

कोपऱ्यात त्याच्या वडलांचं ऑइल इंजिन,
बीडच्या गुऱ्हाळावर वीस हंगाम घातलेलं.
"चौघं लागायची उचलाय.
डिझेल प्यायचं म्हशीगत, खोटं कशाला बोलू.
पन मरायच्या आदी म्हैनाभर बोंबलायचं.
हिला मातर कुनीतरी मुकी केली बगा."

नवी पट्टी पुडीतून निघते.
तोच साचा, तोच क्रमांक,
आणि क्रमांकाच्या शेवटी सुधारणेचं अक्षर:
नऊ वर्षांत ते पुढे सरकलेलं नाही.

चौथ्या दिवशी तो चावी फिरवतो.
शेजारच्या फाउंड्रीतला घण स्पष्ट ऐकू येतो,
पलीकडच्या लेथचा सूरसुद्धा.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून
मूठ माझ्याकडे करतो,
"साहेब, लावा कान. काय बोलतीया?"

मी वाकतो. डोळे मिटतो.
काहीच नाही.
किती चोख काम केलं होतं आम्ही.