मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजणाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार.
भरतीच्या रेट्यानं आपसूक मिटतं,
सुकतीला उघडतं,
आणि नदी खारट असूनही
आत कोरगूट भात तग धरतं.

बाबा गेल्यावर
या दारातली मासळी कोणाची,
यावरून सगुणदादा आणि मी
एकोणीस वर्षं बोललो नाही.
एकाच फेरीबोटीत, एकाच कठड्याला टेकून
रायबंदरला जायचो,
पणजीच्या कोर्टात एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो,
तारीख घेऊन त्याच बोटीनं परत.
सुंगटं तो एकेक मोजून विकायचा.
शेजारच्या पिएदादला उधार म्हणून
शेपटीसुद्धा मिळाली नाही कधी.

चवथीच्या आधल्या आठवड्यात
तो मानशीपाशीच पडला.
जाळं हातात तसंच.

बांबोळीला डॉक्टर मिनेझिसनी
उजेडाच्या पाटीवर बोट टेकलं.
कपाळामागचा पांढरट ठिपका,
चिंचोक्याएवढा.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच," त्या म्हणाल्या,
"पण घरी येईल तो माणूस थोडा वेगळा असेल."
मी खाली कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.
चिंचोका.
त्यात एकोणीस वर्षं मावली होती,
वर वकिलाची फीसुद्धा.

तो घरी आला तो हसतच.
टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीला रडला.
पिएदादच्या नातवाला
हाताएवढा शेवटा देऊन टाकला,
आणि त्याच्यामागं धावत जाऊन दुसराही.
मला कुंपणापाशी पाहिलं
तर हाक मारली,
बाबांनंतर कोणीच न मारलेली:
"बाळग्या, जेवलो मरे?"

मला उत्तर आलं नाही.
मी जेवलो होतो.

वहिनी विहिरीवर कळशी घासत म्हणाली,
"हो मनीस बरो आसा.
पूण म्हजें लग्न दुसऱ्याकडेन जाल्लें."
आणि राखेनं पुन्हा घासायला लागली
आधीच लख्ख झालेली कळशी.

नाव विसरतो, वार विसरतो,
चप्पल उलटी घालतो.
पण अवसेच्या रात्री तीन वाजता
कोणी न उठवता उठतो,
बांधावरून अंधारात सरळ चालत जातो,
मानशीच्या तोंडाला जाळं लावतो.
गाठ तीच. बाबांची. दोन वेढे आणि खाली खेच.
ती बहुतेक डोक्यात कुठेतरी वेगळ्या कप्प्यात असावी,
जिथं खारं पाणी पोचलं नाही.

मी विचार करतो, मग सगुण कोणता?
तो, की हा?
हा सगळी वर्षं आतच होता का,
फळीमागं दाबून धरलेला?
की गोड माणूसही एक मोडतोडच,
आणि आम्ही तिला चांगुलपणा म्हणतो
कारण फुकट मासे मिळतात?
डॉक्टरांना विचारलं असतं.
पण पुढचा प्रश्न माझ्याबद्दल निघाला असता.

कारण माझा चिंचोका शाबूत आहे.
खटल्याला आता एकच पक्ष उरला आहे,
तो माझ्या कपाळामागं बसून
अजून तारखा घेतो.
वकील फोनवर म्हणाले, मागे घ्यायचा का?
मी म्हटलं, बघतो.

काल अवस होती.
मी कंदील धरून बांधावर उभा राहिलो.
दार करकरलं, पाणी बाहेर धावलं,
जाळं जड झालं.
दादानं सगळं माझ्या टोपलीत ओतलं,
"व्हर," म्हणाला, "घरी व्हर,"
आणि चिखलात फतकल मारून
चांदण्यांकडे बघत बसला.

मी कंदिलाच्या उजेडात मोजायला घेतली.
सवय.
अर्धी त्याच्या टोपलीत परत टाकली.
आकडा विषम होता.
एक सुंगट जास्तीचं गेलं.
कोणाकडे,
ते मी विसरणार नाही.