बादलीभर समुद्र

पेनिशच्या धक्क्यावर, सकाळी सातला,
देओलिंदा दोरीने बादली सोडते,
पाऱ्याची नळी बुडवून तीन मिनिटं थांबते.
सतरा पूर्णांक नऊ.
जुन्या वहीत, वडिलांच्या अक्षरात,
ह्याच तारखेला: सतरा पूर्णांक एक.

संध्याकाळची बादली वर येतेय तोच
भावाचा फोन, आतल्या मुलखातून,
बुचाच्या रानातून.
"चव्वेचाळीस," झेफेरिनो म्हणतो, हॅलोच्या आधी.
कुऱ्हाड लावली तरी साल सुटत नाही यंदा,
झाडं अंग आखडून बसलीत.
नऊ वर्षांपूर्वी खोडावर रंगवलेला आकडा
ताणून फाटलाय, पण जागचा हलत नाही.
"तुमचं बरं आहे. तुमचा समुद्र थंड डोक्याचा."

ती काय सांगणार?
जमीन तापट, लगेच बोलून दाखवते;
रात्री जरा निवते, सकाळी पुन्हा भांडायला उभी.
हा मात्र सगळं पोटात घालतो.
एका अंशालाही न पोचलेला हा चिमूटभर फरक
मुरवायला त्याला किती खोल जावं लागलं असेल.
तारल्या उत्तरेला सरकल्या,
हे जाळी धुणाऱ्या बायकांना
आकड्यांवाचूनही ठाऊक आहे.

वडीलही असेच.
शेवटच्या आठवड्यापर्यंत म्हणत होते,
काही नाही गं, बरा आहे.

"ऐकतेस ना?" झेफेरिनो विचारतो.
ती फोन पाण्याकडे धरते.
"काहीच ऐकू येत नाही."
"हो ना," ती म्हणते,
आणि बादली हळूच
पुन्हा समुद्रात ओतते.