पट्टा क्रमांक तीन

तुर्भ्याला, शीतगृहामागच्या शेडमध्ये
शेवंताबाई पालव्यांच्या नाकावर मी चष्मा चढवला.
दांडीत दोन बारके कॅमेरे.
"मला नंबर नाय," त्या म्हणाल्या, "काय बघू यातनं?"
तुम्ही नाही, मी बघणार. तुमचं बघणं.

पट्टा सुरू. माझ्या पडद्यावर त्यांची नजर:
एक हिरवा ठिपका, सेकंदाला तीन उड्या.
एका डाळिंबावर बसतो, उठतो, थेट चौथ्यावर.
उडी चालू असताना माणूस आंधळा असतो
आणि त्याचा त्याला पत्ता नसतो,
एवढं मी शिकून आले होते.

हेही, की मेंदूच्या तळाशी
वाटाण्याएवढ्या उंचवट्यात एक नकाशा आहे.
तिथं प्रत्येक जागा ओरडते, इकडं, इकडं.
लालभडक ओरडते. हललेली ओरडते.
कपाळामागून कुणी दटावतं: तेल्या शोध, फक्त तेल्या.
जिचा आवाज आधी काठावरून सांडतो
डोळा तिचा.

"म्हंजे लिलावच की," शेवंताबाई म्हणाल्या
आणि एक फळ खालच्या क्रेटात गेलं.
डाग मला नंतर दिसला.
देठापाशी, तिळाएवढा.
कसं कळतं?
"कळायच्या आदी हात गेल्याला असतोय."

साडेचारला ठिपका भरकटला.
फळं सोडून डावीकडं, खाली, रोलरपाशी.
परत फळं. परत रोलर.
अकरा मिनिटांत सत्तावीस वेळा.
नुकत्याच पाहिलेल्या जागी डोळा सहसा लगेच फिरत नाही.
आणि तिथं डाळिंब नव्हतंच.

ऐरोलीच्या ऑफिसात सर म्हणाले, "गोंगाट आहे तो. छाट.
यंत्राला डाळिंबंच शिकवायचीत."

रात्री ठिपका बंद करून मी नुसतं चित्रण पाहिलं.
रोलरपाशी नवी पोरगी, पहिलाच आठवडा,
ओढणीचं टोक कमरेतून सुटलेलं,
पट्ट्यापासून वीतभर, मग चार बोटं.
सत्ताविसाव्या उडीनंतर
चौकटीत एक डावा हात येतो,
करंगळी नसलेला,
ओढणी खोचतो आणि जातो.
उजव्यानं तेवढ्यात
एक डागी फळ बाजूला काढलेलं असतं.

फाइल अजून उघडी आहे.
छाटायची कात्री पडद्याच्या कोपऱ्यात.
मी तिकडं बघत नाहीये,
असं मला वाटतंय.