उठण्याचं कारण

ओहोटीला साखरतरच्या खाडीत मी वही घेऊन बसतो.
माझं काम मोजायचं:
बगळ्याने चोच किती वेळा मारली, निवट्या किती मिळाल्या,
आणि डबकं सोडून तो कधी उठला.

पहिल्या आठवड्यात वाटलं,
डबक्यातलं संपलं की उठत असेल.
संपत नाही. तो गेल्यावर मी हात घालून पाहिला,
तीन निवट्या टणाटण उडाल्या,
एक तर थेट चष्म्यावर.

पुढचं डबकं लांब असेल
तर असलेल्यात तो जरा जास्त रेंगाळतो.
एवढं कळायला मला दीड महिना लागला.

तुताऱ्यांचं वेगळं. त्या पोट आणि मान
दोन्ही सांभाळून चरतात.
ससाण्याची सावली पडली की चिखलच उचलल्यासारखा उडतो,
वळतो, पांढरा होतो, परत बसतो.
तिवरांजवळ किडे जास्त, मी खणून पाहिलेत.
तिवरांआड रानमांजरही असतं.
भरल्या पोटाची तुतारी तिकडे फिरकत नाही.
थंडी सरताना, लांबच्या उड्डाणाआधी, फिरकते.

जरीना वस्ता कमरेत वाकून तिसऱ्या काढते,
कोयतीच्या टोकाने, न बघता.
टोपलीतला आवाज माझ्यापर्यंत येतो:
टक् टक् टक्.
मग टक्.
मग बराच वेळ काही नाही. मग टक्.
ती उठते, ओढणी खोचते, दहा पावलं सरकते.

"तिथल्या संपल्या?"
"हायत की. पन आता एकेकीला येळ लागतो.
पानी काय माज्यासाठी थांबनार हाय?"
वहीकडे बघून म्हणाली,
"ह्याचा पगार देतात तुला?"

देतात. थोडा.

परवा टोपली धुताना आपणहून बोलली,
नुरुद्दीन कुवेतला गेला तेव्हा घरात
अर्धा डबा तांदूळ होता. होडी होती, जाळं होतं.
"लोक इचारत, उपाशी व्हता काय?"
हसली नाही. टोपली उलटी करून झटकली.
बारक्या तिसऱ्या तिने आधीच पाण्यात टाकल्या होत्या.

भरती लागली. ती आधी बगळ्याच्या पायांना कळते,
मग जरीनाला, सगळ्यांत शेवटी मला.
वहीत एक रकाना आहे, 'उठण्याचं कारण'.
रोज त्यात काहीतरी भरतो.
आज चपला हातात घेतल्या, वही शर्टात खोचली.
दोन तुताऱ्या अजून चरत होत्या,
पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं.