तिसरं घर

संकेश्वरच्या बायपासला, एप्रिलच्या दुपारी
चावी फिरवली की नुसतं टक्, टक्.
तवनाप्पा छत्री घेऊन आला,
फडक्यानं बॉनेट उचललं.

टर्मिनलवर निळसर भुरा,
लोणच्याच्या बरणीच्या काठाला धरतो तसा.
सोड्याचं पाणी ओतलं, फेस आला,
दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यानं खरवडलं.
मीटर लावला. अकरा पॉइंट आठ.
"बारा सहा पायजे."

मग एकेक टोपण उघडत
तो कानडीत बोलू लागला, माझ्याशी नाही:
नीर इल्ल,
नीर इल्ल...
तिसऱ्या घराशी थांबला.
आतले पत्रे उघडे, कोरडे.

"लोक थंडीला शिव्या घालतात.
बॅटरी मरते उन्हाळ्यात, साहेब.
डिसेंबरात फक्त कळतं."

त्याच्या टेम्पोवरून वायर जोडली,
लाल लालला,
काळी माझ्या इंजिनच्या लोखंडाला.
गाडी खाकरली, उठली.
"निपाणीत नवी घे. तोवर बंद करू नको,
कुणी कितीही हाक मारू दे."

तवंदी घाटात रसवंतीची घुंगरं वाजत होती.
मी इंजिन चालू ठेवून
खिडकीतूनच हात बाहेर काढला.
ग्लास देणारा पोरगा म्हणाला,
उतरा की, सावली आहे.