इयत्ता तिसरी, तुकडी ब

एकवीस वर्षं मी या शहराला पत्ते सांगितले.
दापोडीला कुठली गाडी, नाना पेठेसाठी कुठे उतरायचं,
कात्रजची शेवटची किती वाजता सुटते,
झोपेतून उठवून विचारा.
आणि त्या मंगळवारी रास्ता पेठेत
मला एक शाळा सापडेना.

खरं तर सापडली होती. तीनदा.
तीनदा फाटकावरून पुढे गेलो,
कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला उगाच वेळ विचारली.
चौथ्यांदा तोच म्हणाला, 'मीटिंगला ना?
जिन्यानं वर. दिवा लागलेला असेल.'
एवढं दिसतं का चेहऱ्यावर?
का इथे घिरट्या घालणारा मी पहिला नव्हतो?

नंबर शैलानं दिला होता. दिला म्हणजे
डब्यात, पोळ्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.
चार दिवस ती चिठ्ठी सुट्ट्या पैशांबरोबर फिरली,
निगडी ते स्वारगेट, स्वारगेट ते निगडी.
पाचव्या दिवशी डेपोच्या मुतारीमागून फोन लावला.
पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज, मध्येच खोकणारा.
'आज घेतलीय?'
'थोडी.'
'मग थोडे या,' म्हणाला, आणि हसला.
'चेष्टा केली हो. आहात तसे या.'

वर्ग तिसरीचा. बाक असे की गुडघे हनुवटीला.
सोळा मोठी माणसं त्यात कोंबलेली,
नापासांची वेगळी तुकडी काढल्यासारखी.
भिंतीवर तेराचा पाढा. फळ्यावर
पट ३८, हजर ३१,
आणि सुविचार पुसलेला, नुसता 'नेहमी' शिल्लक.

चहा आला. वासंती नावाच्या बाई, पांढरी वेणी,
त्यांनी माझा कप अर्धाच भरला.
राग आला मला. नवा म्हणून अर्धा?
मग कप हातात घेतला आणि कळलं.
अर्धा होता म्हणून सांडला नाही.
माझ्या हातांकडे कुणी बघितलं नाही.
मुद्दाम बघितलं नाही.

आडनाव लागत नव्हतं तिथे.
खडकीचा एडविन बोलला,
मुलीच्या लग्नात आपण कुठे झोपलो होतो ते.
नजीर बोलला चौदा दिवसांबद्दल,
जसं कुणी चौदा दिवसांच्या नातवाबद्दल बोलतं.
एक बँकेतले रिटायर, नऊ वर्षं थेंब नाही,
म्हणाले, काल दुकानासमोर पाय जड झाले.
नऊ वर्षांनी!
मला वाटलं, मग उपयोग काय.
मग वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाहीये.

माझी पाळी.
'पुढे सरका, आत जागा आहे' ओरडून ओरडून
कमावलेला गळा, त्यातनं आवाज निघेना.
'मी हिरामण,' म्हणालो.
पुढचा शब्द दातांच्या आत राहिला.
ते थांबले. डबल बेल मिळेपर्यंत
गाडी थांबते, तसे.
बेल काही मी दिली नाही.
'पुढच्या खेपेला,' म्हणालो.
'चालेल,' कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं,
आणि खोकलं.

खाली टायरवाला शटर ओढत होता.
दुसरं एक शटर दोन गल्ल्या सोडून,
ते किती वाजेपर्यंत उघडं असतं हेही मला पाठ.
स्टॉपवर उभा राहिलो.
गाडीत कंडक्टर नवा पोरगा, ओळखलं नाही त्यानं.
मी पास दाखवला नाही. तिकीट काढलं.

शैला जागी. काही विचारलं नाही.
पाणी देताना नेहमीसारखी जरा जवळ वाकली,
वास होताच, थोडीचा.
मग खिशातलं तिकीट काढून दिव्याखाली वाचलं,
कुठून कुठे, वेळ नऊ बावन्न,
आणि गव्हाच्या डब्यात ठेवून दिलं.

पुढचा मंगळवार मंगळवारीच येणार.
मध्ये सहा थांबे आहेत, त्यातला एकही
मी दिवसाउजेडी, शुद्धीत पाहिलेला नाही.
सकाळी सहा दहाची ड्यूटी आहे.